‘स्कॅन नॉर्मल आहे’ म्हणजे फुफ्फुसात गुठळी नाही, असंच ना? थांबा, आधी कोणता स्कॅन ते सांगा

इतिहासाच्या पुस्तकात साखरखेर्ड्याचं नाव येतं ते १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान इथे भिडले, मुबारिजखान मारला गेला आणि निजामाचा दख्खनवरचा ताबा पक्का झाला. सीटी स्कॅनसाठी मात्र सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावच्या माणसाला गाडी करून बाहेर पडावं लागतं. कुणी चिखलीकडे जातं, कुणी बुलढाण्याला, कुणी जालन्याला. जास्तच वाटलं तर थेट छत्रपती संभाजीनगर.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. काल्पनिक आहे, पण अशक्य अजिबात नाही. गावातल्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन शहरात झालं. टाके सुकले, आजी घरी आल्या, खाटेवरच होत्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अचानक दम लागायला लागला. छातीत टोचतंय म्हणाल्या. ऑक्सिमीटरवर ८९. घरच्यांनी गाडी काढली आणि तालुक्याच्या गावी छातीचा स्कॅन करून घेतला. रिपोर्ट आला, ‘फुफ्फुसं स्वच्छ’. फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला, ‘स्कॅन नॉर्मल आहे, काळजी नको’. खाली पंधरा हात जोडलेले इमोजी.

पण त्या स्कॅनमध्ये आजींच्या फुफ्फुसातली गुठळी दिसणारच नव्हती. तो स्कॅन त्यासाठी नव्हताच.

आधी गुठळीचं बोलू

पायाच्या, विशेषतः मांडीच्या आणि पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळून गुठळी होते. माणूस बरेच दिवस पडून असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, पाय प्लॅस्टरमध्ये असेल, कॅन्सर असेल, बाळंतपण झालं असेल, तर ही शक्यता वाढते. या गुठळीचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर सरकतो, हृदयाच्या उजव्या बाजूतून जातो आणि फुफ्फुसाच्या धमनीत अडकतो. याला डॉक्टर पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. लिहायला सोपं जावं म्हणून आपण ‘फुफ्फुसातली गुठळी’ म्हणू.

हवा आत येतेय, पण ती उचलायला पलीकडे रक्तच पोचत नाही, असा हा प्रकार. म्हणून दम लागतो. गुठळी मोठी असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूवर इतका ताण येतो की माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

उपचार नाही केले तर काय होतं, याचा एक जुना आणि जरा अंगावर येणारा पुरावा आहे. १९६० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बॅरिट आणि जॉर्डन यांनी एक छोटा प्रयोग छापला. रक्त पातळ करणारी औषधं न दिलेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण गुठळीने गेले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. औषध दिलेल्या १६ जणांपैकी गुठळीने एकही दगावला नाही. तेव्हा सीटी स्कॅन जन्मालाही आला नव्हता. निदान लक्षणं, एक्स-रे आणि ईसीजी यांच्या भरवशावर.

म्हणजे गुठळी चुकली तर जीव जाऊ शकतो. पण नसलेली गुठळी ‘सापडली’ तर? मग धडधाकट माणसाला निदान तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी. पोटात, मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. शेतात कोयता लागला, बैलाने ढुशी मारली, तर रक्त लवकर थांबत नाही. दोन्हीकडची चूक महाग आहे, म्हणून ‘स्कॅन कितपत खरा?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

एचआरसीटीने आपली सवय बिघडवली

कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक नवा शब्द आला, एचआरसीटी. स्कोअर किती? पंचवीसपैकी आठ. पंचवीसपैकी सतरा. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला दर बांधून द्यावे लागले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या मशीनवर २ हजार, १६ ते ६४ स्लाइसवर अडीच हजार, त्याच्या वर ३ हजार रुपये. तेव्हापासून ‘छातीचा स्कॅन’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात एचआरसीटीच येतो.

एचआरसीटी फुफ्फुसाच्या ऊतीचे अगदी बारीक काप दाखवतो. न्यूमोनियाचे डाग, टीबीचे व्रण, फुफ्फुस कडक होणं, हे त्यात छान दिसतं. पण तो सहसा डाय न देता काढतात. डाय नसेल तर धमनीतलं रक्त आणि त्यात अडकलेली गुठळी फोटोत जवळपास सारख्याच राखाडी रंगाची दिसतात. कधीतरी एखादी मोठी गुठळी साध्या स्कॅनमध्येही जाणवते, पण ते नशीब झालं. त्याला तपासणी म्हणत नाहीत.

गुठळी बघायची असेल तर सीटी पल्मनरी अँजिओग्राफी लागते. मशीन बहुतेक वेळा तेच असतं, टेबलही तेच. फरक हा की कोपराजवळच्या शिरेतून आयोडीन असलेला डाय मशीनच्या दाबाने झपकन आत सोडतात आणि तो फुफ्फुसाच्या धमनीत पोचतो नेमक्या त्या काही सेकंदांत फोटो घेतात. धमन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. जिथे गुठळी आहे तिथे पांढऱ्यात काळपट खंड पडतो.

त्यामुळे कुणी ‘स्कॅन नॉर्मल आहे’ म्हणालं तर पहिला प्रश्न हाच. डाय दिला होता का? आणि तो फुफ्फुसाच्या धमनीसाठी दिला होता का? (पोटाच्या स्कॅनलाही डाय देतात, पण त्याची वेळ वेगळी असते.)

सीटीच्या आधीचा स्कॅन आणि त्याचं ‘मधलं उत्तर’

सीटीने हे काम हातात घेण्याआधी फुफ्फुसाचा स्कॅन म्हणजे व्ही-क्यू स्कॅन. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या हेन्री वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपुरवठ्याचा भाग माणसांवर करून दाखवला. कल्पना सुंदर आहे. किरणोत्सारी टेक्नेशियम चिकटवलेले प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडायचे. रक्त जिथे जातं तिथे ते जातात आणि गॅमा कॅमेऱ्यात चमकतात. मग हुंगायला किरणोत्सारी वायू किंवा फवारा द्यायचा, म्हणजे हवा कुठे पोचते ते कळतं. हवा पोचतेय पण रक्त पोचत नाही असा तुकडा दिसला, की संशय गुठळीवर.

हे टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. म्हणजे साठवून ठेवता येत नाही, रोज ताजं काढावं लागतं. मुंबईत परळला १९६३ पासून अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून देशभरच्या दवाखान्यांना अशी किरणोत्सारी औषधं जातात. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, गॅमा कॅमेरा, परवाने लागतात. तालुक्याच्या गावी हे कुठून असणार?

हा स्कॅन किती विश्वासाचा, याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. पायोपेड नावाचा तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॅनचा निकाल एकीकडे आणि धमनीत थेट नळी घालून केलेली अँजिओग्राफी दुसरीकडे, अशी तुलना. निकाल वाचताना मी दोनदा थांबले.

स्कॅनने ‘गुठळीची शक्यता जास्त’ असं सांगितलेल्या आणि अँजिओग्राफीचा ठाम निकाल असलेल्या ११६ जणांपैकी १०२ जणांना खरोखर गुठळी होती. म्हणजे ८८ टक्के. चांगलं आहे. पण ज्यांना गुठळी होती असे एकूण २५१ जण सापडले होते आणि त्यातल्या फक्त ४१ टक्के लोकांच्या स्कॅनवर ‘शक्यता जास्त’ असं आलं होतं. उरलेल्यांचं काय? बरेचसे ‘मध्यम शक्यता’ या गटात. त्या गटात तीनातल्या एकाला गुठळी होती. आणि ‘शक्यता कमी’ म्हटलेल्यांतही सुमारे १२ टक्के लोकांना ती निघाली.

‘मध्यम शक्यता’ म्हणजे डॉक्टरला काय कळलं? काहीच नाही. रुग्ण आला तेव्हा जितकी शंका होती, साधारण तितकीच स्कॅननंतरही.

स्कॅन पूर्ण नॉर्मल असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फुफ्फुसभर रक्त व्यवस्थित पोचतंय असं दिसलं तर गुठळीची शक्यता फारच कमी उरते. अडचण अशी की फुफ्फुस आधीच खराब असेल तर स्कॅन असा स्वच्छ येत नाही. आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका आहेत, टीबी होऊन गेलेले लोक आहेत, बिडी ओढणारे आजोबा आहेत. त्यांच्या फुफ्फुसात हवा आणि रक्त दोन्हीचे घोळ आधीपासून असतात. गुठळीचा घोळ त्यातून वेगळा काढणं अवघड. म्हणून व्ही-क्यू स्कॅन ज्याचा एक्स-रे स्वच्छ आहे अशा माणसात जास्त कामाचा.

मग सीटी तरी शंभर टक्के?

नाही. २००६ मध्ये पायोपेडचाच दुसरा अभ्यास आला, यावेळी सीटीवर. ८२४ लोक. त्यातल्या ५१ जणांचे फोटो नीट न आल्याने निकालच देता आला नाही. ज्यांचे आले त्यांत, गुठळी असलेल्या शंभरपैकी ८३ जणांची गुठळी सीटीने पकडली. नसलेल्या शंभरपैकी ९६ जणांना ‘नाही’ असं बरोबर सांगितलं. त्या काळची बरीचशी मशीन चार स्लाइसची होती, आजची जास्त बारीक बघतात. तरीही हे आकडे घेऊन जरा गणित करू, कारण खरी गंमत इथे आहे.

समजा, १,००० लोक आले ज्यांच्यावर डॉक्टरांचा संशय तसा कमीच आहे. त्यांच्यातल्या १०० जणांना गुठळी आहे. सीटी ८३ पकडेल, १७ सोडेल. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी ३६ जणांना उगाच ‘आहे’ म्हणेल. म्हणजे ज्यांच्या रिपोर्टवर ‘गुठळी आहे’ लिहिलंय असे ११९ जण, आणि त्यातले ३६ खोटे. जवळजवळ दहातले तीन! उलट ज्यांना ‘नाही’ सांगितलं त्यांचा निकाल ९८ टक्के खरा.

आता दुसरे १,००० लोक घ्या. यांच्यावर संशय दाट आहे. पाय सुजलेला, नाडी १२०, परवाच ऑपरेशन झालेलं. त्यांच्यातल्या ६०० जणांना गुठळी आहे असं धरू. सीटी ४९८ पकडेल, १०२ सोडेल. ४०० निरोगी लोकांपैकी ३८४ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणेल. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडणारे ४८६ जण, आणि त्यातल्या १०२ जणांच्या फुफ्फुसात गुठळी. पाचातला एक.

मशीन तेच. डाय तोच. रिपोर्टवरचा शब्दही तोच, ‘नॉर्मल’. पण पहिल्या गटात त्याचा अर्थ ‘घरी जा’ आणि दुसऱ्यात ‘थांबा, अजून बघू’.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. त्या अभ्यासात संशय दाट असूनही सीटी नॉर्मल आलेल्यांमध्ये तो ‘नॉर्मल’ फक्त ६० टक्के वेळा खरा ठरला. संशय कमी असूनही सीटीने ‘आहे’ म्हटलेल्यांत ते ‘आहे’ ५८ टक्के वेळाच खरं निघालं. या गटांत लोक कमी होते, त्यामुळे टक्केवारीला फार घट्ट धरून बसू नये. पण डॉक्टरांचा अंदाज आणि स्कॅन एका दिशेला होते तिथे निकाल ९६ टक्के बरोबर आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून लोक स्कॅनवर विश्वासच ठेवायचे नाहीत. नेदरलँड्समध्ये ३,३०६ रुग्णांवर क्रिस्टोफर नावाचा अभ्यास झाला, तोही २००६ चा. आधी लक्षणांचे गुण मोजायचे, मग रक्ततपासणी आणि गरज पडली तरच सीटी, असा क्रम ठेवला. सीटीने ‘नाही’ सांगितलेल्या लोकांना औषध न देता तीन महिने पाहिलं. गुठळीचा त्रास झाला फक्त १.३ टक्के लोकांना. म्हणजे क्रम पाळून केलेला सीटी चांगलाच भरवशाचा आहे. जे सुटतं त्यातलं बरंचसं लहान असतं आणि शरीर ते विरघळवून टाकतं.

नसलेली गुठळी ‘दिसते’ ती कशी?

याबद्दल आपल्याकडे फार कुणी बोलत नाही. डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक काम छापलं. ‘गुठळी आहे’ असा रिपोर्ट मिळालेले १७४ स्कॅन त्यांनी छातीच्या स्कॅनमध्येच मुरलेल्या तीन रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेतले. ४५ स्कॅनमध्ये त्या तिघांना गुठळी दिसली नाही. चारातला एक! एकच गुठळी दाखवलेल्या रिपोर्टांत हे प्रमाण ४६ टक्के होतं आणि अगदी टोकाच्या बारीक फांद्यांमध्ये दाखवलेल्या गुठळ्यांत ५९ टक्के.

चूक का झाली? सर्वात जास्त वेळा, रुग्णाने श्वास घेतला म्हणून. फोटो हलला की बारीक धमनीत सावली पडते आणि ती गुठळीसारखी दिसते. ज्याला दम लागलाय त्यालाच ‘श्वास रोखा’ सांगायचं, ही या तपासणीची मूळचीच अडचण आहे.

डायची वेळ चुकली तरी घोळ होतो. डाय धमनीत नीट पोचायच्या आत फोटो घेतला तर पांढरा रंग फिका पडतो. सेकंदाला चार-पाच मिलिलिटर डाय ढकलायचा तर शिरेत जाड सुई लागते. म्हाताऱ्या माणसाच्या कागदासारख्या शिरेत ती टिकत नाही, मग हाताच्या पंजावर बारीक सुई लावतात, डाय हळू सोडतात आणि फोटो पुसट येतो. असा रिपोर्ट वाचला तर त्यात बहुधा ‘तपासणी मर्यादित दर्जाची’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं. लोक शेवटची ओळ वाचतात, हे वाक्य सोडून देतात.

अमेरिकेतला आणखी एक आकडा विचार करायला लावतो. तिथे १९९८ नंतर सीटी सर्रास व्हायला लागला. २००६ पर्यंत फुफ्फुसातल्या गुठळीचं निदान लाखामागे ६२ वरून ११२ वर गेलं. मृत्यू मात्र लाखामागे १२ च्या आसपासच राहिले. म्हणजे जास्तीच्या सापडलेल्या गुठळ्यांपैकी बऱ्याच अशा होत्या ज्या सापडल्या नसत्या तरी माणूस दगावला नसता. आपल्याकडे खेड्यात प्रश्न उलटा आहे, स्कॅनच वेळेवर होत नाही. पण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हा पहिला प्रश्नही येऊन ठेपलाय, असं माझं मत.

स्कॅनच्या आधीचे दोन प्रश्न

कॅनडाचे डॉक्टर फिलिप वेल्स यांनी एक गुणपत्रिका बनवली. पाय एका बाजूने सुजून दुखतोय का? ३ गुण. या लक्षणांना गुठळीपेक्षा पटणारं दुसरं कारण नाही असं वाटतंय? ३ गुण. नाडी १०० च्या वर, दीड. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं, दीड. पूर्वी गुठळी झालेली, दीड. खोकल्यातून रक्त, १. कॅन्सर, १. बेरीज ४ च्या वर गेली तर संशय दाट, थेट सीटी. ४ किंवा कमी असेल तर आधी डी-डायमर. ही बेरीज डॉक्टरांनी करायची आहे, रील बघून घरी करायची नाही. पण यातलं महागडं मशीन एकाही प्रश्नाला लागत नाही हे बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही हे पाच मिनिटांत करू शकतो.

डी-डायमर हे नावही कोविडने घरोघरी पोचवलं. शरीरात कुठेही गुठळी होऊन विरघळत असेल तर हे वाढतं. पण ते जंतुसंसर्गात वाढतं, ऑपरेशननंतर वाढतं, गरोदरपणात वाढतं, वयानेही वाढतं. म्हणून ‘डी-डायमर वाढलंय म्हणजे गुठळी आहे’ हे चूक. त्याचा उपयोग उलटा आहे. संशय कमी असताना ते नॉर्मल आलं तर गुठळी नाही असं मानून सीटी टाळता येतो. क्रिस्टोफर अभ्यासात अशा लोकांपैकी फक्त अर्ध्या टक्क्याला पुढे त्रास झाला.

एक बारीक गोष्ट. नेहमीची मर्यादा ५०० धरतात, पण पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारा आकडा वापरण्याची पद्धत आता रूढ आहे. सत्तरीच्या माणसाला ७००. आणि प्रत्येक लॅबचं एकक सारखं नसतं. एका रिपोर्टवरचे ०.५ आणि दुसऱ्यावरचे ५०० एकच असू शकतात, तर तिसऱ्या पद्धतीत तीच मर्यादा २५० च्या आसपास असते. त्यामुळे ‘माझ्या काकांचं तर २,००० होतं’ ही तुलना ग्रुपवर करण्यात अर्थ नाही.

सीटी जवळ नसेल तर

साखरखेर्ड्यासारख्या गावांसाठी मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुठळी बहुतेक वेळा पायातून येते. मग पायाच बघितला तर? पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे ज्याला कलर डॉपलर म्हणतात, ती तालुक्याच्या गावांतही मिळू शकते. डायही लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. डॉक्टर प्रोबने शीर दाबतात. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. दम लागलेल्या माणसाच्या मांडीच्या खोल शिरेत गुठळी सापडली, तर औषध सुरू करायला तेवढं पुरतं. फुफ्फुसाचा स्कॅन नंतर झाला तरी चालतो, कारण दोन्हीचं मूळ औषध एकच.

पण पाय स्वच्छ निघाला म्हणून फुफ्फुस स्वच्छ असं नाही. याचं जगप्रसिद्ध उदाहरण टेनिसपटू सेरेना विल्यम्स. तिला २०११ मध्येही फुफ्फुसात गुठळी झाली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी दम लागला तेव्हा तिने स्वतःच नर्सला सांगितलं, डाय देऊन सीटी करा आणि रक्त पातळ करणारं औषध द्या. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काहीच निघालं नाही. मग सीटी केला आणि फुफ्फुसात लहान लहान गुठळ्या दिसल्या. जगातली अव्वल खेळाडू, तिला पूर्वीचा अनुभव, तरी हट्ट धरावा लागला. आपल्याकडच्या बाळंतिणीने ‘दम लागतोय’ म्हटलं तर ‘अशक्तपणा असेल, डिंकाचे लाडू खा’ हे उत्तर किती सहज येतं, आठवून बघा.

रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तर स्कॅनच्या टेबलापर्यंत नेणंच धोक्याचं असतं. तिथे खाटेजवळ टू-डी इको करतात. हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली, दुसरं कारण नसलं, तर त्यावरच उपचार सुरू करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. आणि संशय दाट असेल, स्कॅनला वेळ लागणार असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर पहिलं हेपारिनचं इंजेक्शन देऊन मग रुग्णाला पुढे पाठवा, असंही त्या सूचना सांगतात. चिखली किंवा जालन्याच्या रस्त्यावर जाणारा तास-दीड तास त्यामुळे फुकट जात नाही. हा निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पण ‘पाठवण्याआधी काही देण्यासारखं आहे का?’ एवढं नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही. गाडीसाठी १०८ आहेच.

गरोदर बाईचा सीटी करायचा की नाही?

घरच्यांची भीती बाळाची असते आणि त्या भीतीपोटी कधी कधी तपासणीच होत नाही. खरं तर सीटीच्या झोतात आईची छाती असते, पोट नाही. बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग फार थोडा असतो. जास्त विचार आईच्या स्तनांचा करावा लागतो. म्हणून आधी पायाचा डॉपलर, मग छातीचा एक्स-रे आणि तो स्वच्छ असेल व शहरात सोय असेल तर व्ही-क्यू स्कॅनचा फक्त रक्तपुरवठ्याचा भाग, असा क्रम बरेच डॉक्टर ठेवतात. जुना झालेला तो स्कॅन इथे अजून कामाचा आहे. तो नसेल तर सीटी करायचा. न सापडलेली गुठळी आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याची.

ज्यांची किडनी फारच कमकुवत आहे किंवा ज्यांना डायची जोरदार ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठीही व्ही-क्यू हाच पर्याय उरतो.

सेंटरवर गेल्यावर काय बघायचं

चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी चेस्ट’ लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून ‘पल्मनरी अँजिओग्राफी’ असं स्पष्ट लिहून घ्या. कशाचा संशय आहे आणि किती, हेही चिठ्ठीत असू द्या. वरचं गणित आठवतंय ना? रिपोर्ट लिहिणाऱ्याला ती माहिती नसेल तर तो अंधारात वाचतोय. क्रिएटिनिनचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी (मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसकट) आणि पूर्वी डायने पुरळ किंवा धाप आली असेल तर ते आधीच सांगा. सुई कोपराजवळच्या शिरेत लावता येतेय का ते विचारा. टेबलावर झोपायच्या आधी रुग्णाकडून श्वास रोखायची दोन-तीनदा तालीम करून घ्या. डाय गेल्यावर अंगभर गरम लहर येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर नेमक्या त्या क्षणी माणूस दचकून श्वास घेतो आणि फोटो हलतो.

बाहेर पडताना फिल्मबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. खिडकीवर धरलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून कोणताही रेडिओलॉजिस्ट बारीक गुठळीबद्दल मत देऊ शकत नाही. त्याला शेकडो काप एकामागोमाग सरकवून बघावे लागतात. रिपोर्टमध्ये एकच बारीक, टोकाची गुठळी लिहिली असेल आणि लक्षणं फारशी जुळत नसतील, तर तीच सीडी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवून घ्यायला सांगणं हा डॉक्टरांचा अपमान नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला पण दम तसाच असेल, तर डॉक्टरांना तिथेच विचारा की स्कॅनच्या आधी तुमचा संशय किती होता. कमी होता म्हणाले तर दम्याचं दुसरं कारण शोधायचं, न्यूमोनिया, हृदय, रक्त कमी असणं. दाट होता म्हणाले तर पायाचा डॉपलर करायचा, आणि तो आज स्वच्छ आला तरी गरज वाटल्यास आठवड्याने पुन्हा.